१९६४ सालची एक कोब्रा : प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२२

किटची (घरी जोडायच्या गाडीच्या सुट्या भागांच्या संचाची) आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एक निर्णय लेखी करून ठेवतो आहे, कारण कोब्राची प्रतिकृती बांधणाऱ्यांचे काम बहुधा याच टप्प्यावर भरकटते. कोब्रा ही ब्रिटनच्या एसी कंपनीच्या चॅसिसवर अमेरिकन फोर्ड इंजिन बसवून केलेली उघडी स्पोर्ट्स गाडी; तिचे नाव एक असले तरी गाडी एक नव्हती. १९६२ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत सुमारे हजार कोब्रा तयार झाल्या. त्यांतल्या पहिल्या ७५ गाड्यांत फोर्डचे २६० घनइंची व्ही-८ इंजिन होते, नंतर २८९ घनइंची आले. १२६ गाड्या झाल्यावर स्टिअरिंगची जुनी पेटी जाऊन रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चक्र) आले आणि गाडी ‘मार्क टू’ झाली. १९६५ मध्ये ४२७ घनइंची इंजिन पेलण्यासाठी चॅसिसच्या मुख्य नळ्या तीन इंचांच्या चार इंच झाल्या, सस्पेन्शनच्या आडव्या कमानपाट्यांच्या (लवचिक पोलादी पट्ट्यांच्या) जागी कॉइल स्प्रिंगा आल्या आणि मडगार्ड फुगले. आज जगभर दिसणाऱ्या बहुतेक प्रतिकृती या शेवटच्या रूपाच्या असतात, आणि त्यांपैकी पुष्कळांमध्ये शर्यतीच्या गाडीचे बाजूने निघणारे एक्झॉस्ट पाइप, रस्त्यावरच्या गाडीची आसने आणि तिसऱ्याच वर्षाचा रंग एकत्र नांदतो. सुटा सुटा पाहिला तर प्रत्येक भाग बरोबर असतो, पण तशी गाडी कधी अस्तित्वात नव्हती.

माझी निवड अरुंद मडगार्डांची आणि तारेच्या चाकांची २८९ मार्क टू ही आहे. ती रस्त्यावर वापरायची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आणि १९६४ साली टेम्स डिटनच्या एसी कारखान्यातून ब्रिटनमधल्या ग्राहकाच्या ताब्यात गेली असती तशी असेल. ४२७ च्या रूपात जोर आहे हे मान्य करूनही मला २८९ अधिक सुंदर वाटते, कारण ९० इंचांच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) बसलेली तिची बॉडी चाकांपुरतीच वळते आणि थांबते, आणि जिच्यावरून कोब्रा झाली त्या ‘एसी एस’ गाडीची रेषा तिच्यात अजून शाबूत दिसते.

साल ठरले की मालकही ठरवावा लागतो, म्हणून मी १९६४ चा एक मालक कल्पिला आहे. त्याला जे दिसले, ऐकू आले किंवा हाताला लागले असते ते त्या वर्षाचे असावे. त्याने कारखान्याकडे मागितले असते, किंवा गावातल्या चांगल्या वर्कशॉपमधून करवून घेतले असते, अशा सगळ्या बाबतींत माझ्या आवडीला पूर्ण मोकळीक असावी. त्याच्या नजरेला कधीच न पडणाऱ्या आणि विशेषतः जिवाशी संबंध असलेल्या गोष्टींत आजचे तंत्र वापरावे. आवड आणि अस्सलपणा यांची ओढाताण प्रत्येक नटबोल्टापाशी नव्याने सोडवत बसण्यापेक्षा एका माणसाच्या जागी उभे राहून निर्णय घेणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

१९ नोव्हेंबर २०२२

चॅसिस आले. दोन समांतर नळ्यांची शिडीसारखी रचना मूळ गाडीला धरून आहे, सस्पेन्शन मात्र नाही. मूळ कोब्रात पुढे आणि मागे प्रत्येकी एक आडवा कमानपाटा होता. तो केवळ गाडीचा भार पेलत नसे, तर वरच्या बाजूने चाकाला जागेवर धरून ठेवण्याचे कामही करत असे, आणि खालच्या बाजूला विशबोन (चाक धरणारा त्रिकोणी दांडा) असे. पाटा दबला की चाकाचा कलही बदलत जाई. जॉन तोजेरो यांच्या रेसिंग चॅसिसवरून १९५३ मध्ये एसी एस तयार झाली तेव्हा दोन लिटरच्या इंजिनासाठी ही रचना उत्तम होती. त्याच रचनेवर पुढे दुपटीहून मोठे व्ही-८ बसवले गेले. माझ्या किटमध्ये वर-खाली विशबोन आणि कॉइल स्प्रिंगा आहेत.

या बदलाला इतिहासातून परवाना शोधण्याचा मोह मला झाला, कारण तो सहज मिळण्यासारखा आहे. १९६६ ते १९६८ दरम्यान एसीने ४२७ च्या कॉइल स्प्रिंगांच्या चॅसिसवर २८९ इंजिन बसवून २७ गाड्या केल्या होत्या, त्यामुळे ‘२८९ ला कॉइल स्प्रिंगा होत्या’ हे विधान खरे ठरते. परंतु त्या गाड्यांची बॉडीही रुंद, मार्क थ्री प्रकारची होती. सोयीपुरते १९६६ साल उसने घेऊन बाकी सगळीकडे १९६४ सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. म्हणून नोंद सरळ करतो: कॉइल स्प्रिंगा १९६४ च्या नाहीत; त्या नजरेआड आहेत आणि गाडी वळणावर अधिक भरवशाने धरतात, म्हणून मी त्या ठेवतो आहे.

मात्र गाडी चालवताना हाताला जे जाणवते ते नजरेआड असूनही जुनेच हवे. त्यासाठी किटबरोबर सुचवलेल्या कडक स्प्रिंगांऐवजी मऊ स्प्रिंगा आणि आजच्या रुंद टायरऐवजी १८५ मिमी रुंदीचे, उंच बाजूंचे, १५ इंची टायर ठरवले आहेत. रुंद टायरवर पकड वाढते, पण ती सुटते तेव्हा अचानक सुटते. अरुंद टायर आधी सूचना देतो, आणि १९६४ च्या चालकाने गाडी याच सूचनांवर चालवली असती.

१४ जानेवारी २०२३

फायबरग्लासची बॉडी चॅसिसवर टेकवून पाहिली. मूळ बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, हाताने ठोकून घडवलेली आणि बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली असे. ॲल्युमिनियमच्या बॉड्या आजही करून मिळतात, पण तो खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. रंगाखाली फरक दिसत नाही. बोटाने ठोकल्यावर ऐकू येतो. हा फरक मी स्वीकारला आहे.

फायबरग्लासवर शोभेसाठी रिव्हेटची डोकी चिकटवण्याची पद्धत आहे, ती मात्र मी स्वीकारणार नाही. पत्र्याचे दोन तुकडे जोडण्यासाठी रिव्हेट होते. इथे जोडण्यासारखे काही नाही. आकाराची नक्कल ही माझ्या कामाची व्याख्याच आहे, पण घडवण्याच्या खुणांची नक्कल केली की जे काम झालेच नाही त्याचा पुरावा उभा केल्यासारखे होते. पायाशी ॲल्युमिनियमचे पत्रे खरोखर बसवायचे आहेत, तिथे खरे रिव्हेट येतील.

दारांच्या आणि बॉनेटच्या फटींबाबत मध्यम मार्ग ठेवतो आहे. हाताने घडलेल्या मूळ गाड्यांत डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत नसे. तो वाकडेपणा मुद्दाम आणायचा नाही, आणि आजच्या रोबोटने जुळवलेल्या गाडीसारख्या केसाएवढ्या फटीही करायच्या नाहीत. चांगल्या कारागिराने डोळ्याने जुळवलेली फट असते, तेवढी पुरे.

११ मार्च २०२३

इंजिनाचा निर्णय झाला. पर्याय दोन होते. रोव्हरचे व्ही-८ ब्रिटनमध्ये सहज मिळते, ॲल्युमिनियमचे असल्यामुळे हलके असते आणि त्याचेही मूळ अमेरिकन, म्हणजे ब्युइकचे आहे. पुढचा भाग हलका राहिल्याने गाडी वळायलाही चपळ झाली असती. केवळ यांत्रिक गुणांवर निवड करायची तर मी तेच घेतले असते. परंतु कोब्राचे बॉनेट उघडल्यावर फोर्डचा लहान व्ही-८ दिसला नाही, तर पाहणाऱ्याला तीच गोष्ट आधी खटकते, आणि बॉनेट उघडणे हा अशा गाडीच्या मालकीचा मोठा भाग असतो.

अस्सल २८९ ब्लॉक मिळतात, पण चांगल्या स्थितीतल्या ब्लॉकची किंमत फार आहे आणि जुन्या ब्लॉकमध्ये पुन्हा बोअर करायला धातू किती उरला आहे, हा प्रश्न असतो. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा ३०२ घनइंची ब्लॉक घेतला. दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) चार इंचच आहे. २८९ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) २.८७ इंच, तर ३०२ चा ३.०० इंच. ब्लॉकची उंची तीच असल्याने बाहेरून दोन्ही जवळपास एकसारखेच दिसतात. ४७२७ घनसेंटिमीटरचे ४९४२ झाले, पण ते क्रँककेसच्या आत. जुन्या ३०२ मध्ये सिलिंडर पेटण्याचा क्रमही २८९ चाच आहे: १-५-४-२-६-३-७-८. १९८० च्या दशकातल्या ‘हाय आउटपुट’ इंजिनांत हा क्रम बदलला, शिवाय क्रँकशाफ्टच्या समतोलाचे मापही २८ वरून ५० औंस-इंचांवर गेले. त्यामुळे फ्लायव्हील आणि पुढचा डॅम्पर घेताना ते कोणत्या काळातल्या इंजिनाचे आहेत हे तपासून घेणे भाग आहे. नवीन इंजिन घेतले असते तर सुटे भाग स्वस्त मिळाले असते, पण आवाजाची लय वेगळी झाली असती. कानाला जे लागते ते १९६४ चे, हा नियम इथे उपयोगी पडला.

ब्लॉक जुना घेण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी स्वतंत्र वाहन तपासणी द्यावी लागते आणि धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावरून ठरते. ऑगस्ट १९७५ पूर्वीचे इंजिन असेल तर नजरेला दिसणाऱ्या धुराचीच तपासणी होते. ब्लॉकवर ओतकामाच्या तारखेची खूण आहे. तिची छायाचित्रे काढून ठेवली आहेत.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत माझ्या नियमाने काही मदत केली नाही, कारण दोन्ही पर्याय त्या काळातले आहेत. शर्यतीच्या कोब्रांवर वेबरचे दोन नळ्यांचे चार कार्ब्युरेटर बसत. वर आठ कर्णे उभे राहिलेले ते दृश्य मला मनापासून आवडते, आणि पुरेसे पैसे मोजणाऱ्या १९६४ च्या मालकाला ते घेता आले असते. तरीही मी चार नळ्यांचा एकच कार्ब्युरेटर निवडला, जसा कारखान्यातून रस्त्यावरच्या गाडीला येई आणि ज्यावर २८९ इंजिनाची तेव्हाच्या मोजणीप्रमाणे २७१ अश्वशक्ती नोंदलेली आहे. ही गाडी गावात दूध आणायलाही जाणार आहे. आठ कर्ण्यांचे इंजिन सिग्नलवर शांत उभे राहत नाही, आणि माझी आवड पाहण्यापेक्षा चालवण्याकडे अधिक झुकते. जिथे इतिहास दोन्ही बाजूंना होकार देतो तिथे आवडीचाच शब्द शेवटचा असावा, मग ती आवड कमी दिमाखदार भागाची का असेना.

२३ एप्रिल २०२३

मूळ इंजिनावर ॲल्युमिनियमची ओतीव रॉकर कव्हर असत आणि त्यांवर गाडीचे नाव उठावात असे. बाजारात त्यांच्या नकला मिळतात, पण ओतकाम खडबडीत आणि अक्षरे जाड. माझ्या मामेभावाचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशिन शॉप आहे. त्याला मापे आणि रेखाचित्रे पाठवली, त्याने ओळखीच्या फाउंड्रीतून ओतून घेऊन स्वतः मशिनिंग करायचे कबूल केले. रेखाचित्र पाहून त्याने फोनवर एवढेच विचारले, “दादा, वर नाव कुठलं घालायचं?” मी कोरे ठेवायला सांगितले. कव्हर आली तेव्हा गॅस्केट बसण्याची कड आरशासारखी सपाट होती, आणि वरच्या उभ्या पट्ट्यांचे (फिन) अंतर दोन्ही कव्हरांवर तंतोतंत जुळत होते. कव्हरांच्या आतल्या बाजूला, जिथे फक्त तेल पोहोचते, त्याने गावाचे नाव आणि साल ठोकले आहे. ते तसेच राहील.

१७ जून २०२३

गिअरबॉक्स पाच गिअरचा घेतला. मूळ गाडीत बोर्ग-वॉर्नरचा चार गिअरचा टी-१० असे आणि त्यातला चौथा गिअर थेट, एकास एक होता. ३.५४ च्या मागच्या आसावर आणि माझ्या टायरवर ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३२०० फेऱ्यांवर चालते; पाचव्या गिअरमध्ये तेच सुमारे २२०० वर येते. आम्ही बेडफर्डशायरमध्ये राहतो, कुठेही जायचे तर एम-वन मोटरवे लागतोच, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता आले पाहिजे ही माझी आणि माझ्या पत्नीची दोघांचीही अट आहे.

याच एम-वनवर जून १९६४ मध्ये एसीने फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीसाठी बांधलेल्या कोब्राच्या बंद छताच्या गाडीची पहाटे चाचणी घेतली आणि शर्यतीचे चालक जॅक सिअर्स यांनी ती ताशी सुमारे १८५ मैलांपर्यंत नेली. त्या वेळी मोटरवेवर वेगमर्यादा नव्हती; ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये प्रथम प्रायोगिक म्हणून आली. म्हणजे १९६४ च्या मालकापुढे माझ्यासारखा ७० मैलांचा प्रश्नच नव्हता आणि पाचवा गिअर त्याला नको असता. हा बदल नियमात बसत नाही, तो माझ्या रस्त्यासाठी आहे. लिव्हरची उंची, तिची वाकण आणि वरची काळी गोल मूठ मात्र मूळ छायाचित्रांप्रमाणे करून घेतली आहे, आणि मुठीवर गिअरांचा नकाशा कोरलेला नाही.

९ सप्टेंबर २०२३

या प्रकल्पातला सर्वांत कठीण निर्णय सीटबेल्टचा ठरला. मूळ रस्त्यावरच्या गाडीत कमरेपुरता पट्टा असे. आजच्या तपासणीनुसार खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याचे वरचे टोक, भार पडून दबलेल्या आसनापासून किमान ४५० मिमी उंचीवर असावे लागते. कोब्राच्या कॉकपिटची मागची कड त्याहून खाली आहे. म्हणजे टोक बांधायला कशाचा तरी आधार बॉडीच्या रेषेच्या वर काढावाच लागतो, आणि या गाडीचे सौंदर्य तर दारापासून मागच्या मडगार्डापर्यंत अखंड उतरत जाणाऱ्या त्याच रेषेत आहे.

शर्यतीच्या कोब्रांना चालकाच्या डोक्यामागे एक अर्धगोल रोल बार असे. शनिवार-रविवारी क्लबच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या १९६४ च्या मालकाने असा बार बसवून घेतला असता, त्यामुळे चालकाच्या बाजूचा प्रश्न नियमाच्या चौकटीत सुटतो. शेजारच्या आसनाचा सुटत नाही, कारण तिथे बार असलेली रस्त्यावरची कोब्रा माझ्या पाहण्यात नाही. एकाच बाजूला बार ठेवायचा आणि शेजारच्या पट्ट्याचे टोक एखाद्या सुट्या खांबावर घ्यायचे, असा मार्ग काही जण काढतात, आणि दुरून तो अधिक अस्सल दिसतो. गाडी उलटली तर मात्र चालकाच्या डोक्यावर पोलादाची कमान असते आणि शेजारच्या माणसाच्या डोक्यावर काहीच नसते. ज्या आसनावर माझी पत्नी बसणार आहे तिथे हा हिशेब मला मान्य नाही.

दोन समान बार बसवले आहेत. नळीचा व्यास चालकाच्या बाजूच्या मूळ बारइतकाच ठेवला, दोन्हींची उंची पट्ट्याला आणि डोक्याला आवश्यक तेवढीच घेतली आणि चकाकत्या क्रोमऐवजी त्यांना बॉडीचाच रंग द्यायचा ठरवले, म्हणजे नजर त्यांच्यावर अडकणार नाही. या बारांमुळे मागची रेषा बिघडते. ती बिघडलेली राहील.

१२ नोव्हेंबर २०२३

आज लक्ष्मीपूजन. सकाळी मुलांबरोबर अंगणात किल्ला पूर्ण केला आणि त्यावरून नाकावरच्या बिल्ल्याचा जुना प्रश्न मनात स्पष्ट झाला. दिवाळीच्या किल्ल्यात मुले काय वाटेल ते करतात; बुरूज हवे तिथे, तळे हवे तिथे, आणि त्यात काहीच वावगे नाही. पण ज्या किल्ल्यासमोर ‘राजगड’ अशी पाटी लावली, त्याला बालेकिल्ला आणि तिन्ही माच्या असल्याच पाहिजेत, कारण पाटी हे पाहणाऱ्याला दिलेले वचन असते.

माझ्या गाडीला नाकावर एसीचा किंवा कोब्राचा बिल्ला लावला तर ते वचन मी पाळू शकत नाही. आकार त्यांचा आहे, बनावट माझी. ही गाडी त्या कारखान्यातून आलेली नाही आणि त्यांच्या नावाचा अधिकार माझ्याकडे नाही. दुसऱ्या टोकाला, स्वतःचे नाव देऊन ती नवी गाडी असल्याचे भासवणेही खरे होणार नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीला चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीची रोडस्टर इसुझूच्या १.८ लिटर इंजिनावर बांधली आणि ती स्वतःच्या नावाने विकली, ते योग्यच होते, कारण त्यांनी धर्ती घेतली होती, प्रत काढली नव्हती. मी प्रत काढतो आहे. म्हणून नाकावर बिल्ला नाही, त्यासाठीचे भोकही पाडलेले नाही. चॅसिसवरच्या पट्टीवर किट बनवणाऱ्याचा क्रमांक आणि बांधणीचे साल असेल. विचारणाऱ्याला पहिल्याच वाक्यात ‘प्रतिकृती’ असे उत्तर मिळेल.

२ डिसेंबर २०२३

डॅशबोर्ड लावला. अमेरिकेला गेलेल्या नंतरच्या गाड्यांत स्टुअर्ट-वॉर्नरचे मीटर असत. ब्रिटनच्या गाडीसाठी मी स्मिथ्सच्या धर्तीच्या काळ्या तबकड्या आणि पांढरे आकडे घेतले. मागे वायरिंग पूर्णपणे नवे आहे, प्रत्येक मंडलाला स्वतंत्र फ्यूज आहे, आणि रेडिएटरचा विजेवरचा पंखा तापमान वाढले की आपोआप सुरू होतो. डिस्ट्रिब्यूटरच्या जुन्या टोपीखाली पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. यापैकी काहीही डॅशबोर्डवर दिसत नाही. फोन चार्ज करण्याची सोय आसनामागच्या कप्प्यात आहे.

२४ फेब्रुवारी २०२४

रंगकामाची तारीख मिळाली, त्यामुळे रंगाचा निर्णय आता टाळता येत नाही. निळ्या गाडीवर नाकापासून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे हे कोब्राचे जगभर ओळखले जाणारे रूप आहे, आणि ते शर्यतीच्या संघाच्या गाड्यांवरून आले आहे. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये रस्त्यावरची गाडी विकत घेणाऱ्या माणसाला ती एकाच रंगात मिळाली असती. पट्टे नाहीत, दारावर गोल क्रमांक नाही.

एकच रंग, पण कोणता, याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. ‘मूळ रंग’ या शब्दावर फार भर देणाऱ्यांनी पहिल्याच कोब्राकडे पाहावे असे मला वाटते. सीएसएक्स २००० ही १९६२ ची पहिली गाडी कॅरोल शेल्बी यांच्याकडे एकुलती एक होती; एसीच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ बसवण्याची कल्पना याच अमेरिकन माणसाने पत्राने एसीला सुचवली होती. नियतकालिकांना चाचणीसाठी देताना ती प्रत्येक वेळी नव्या रंगात रंगवली जाई, म्हणजे वाचणाऱ्यांना वाटावे की गाड्या भराभर तयार होत आहेत. एप्रिल १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती पिवळ्या रंगात उभी होती. या गाडीचा आकारही असाच मिश्र वंशाचा आहे. तोजेरो यांच्या गाडीची बॉडी फेरारीच्या १६६ बार्केटावरून घेतलेली होती, त्या आकाराखाली सरेमध्ये जोडलेल्या नळ्या होत्या आणि शेवटी त्यात डेट्रॉइटच्या कंपनीचे व्ही-८ बसले. ब्रिस्टल कंपनीने १९६१ मध्ये आपले सहा सिलिंडरचे इंजिन बंद केले नसते, तर शेल्बी यांच्या पत्राला टेम्स डिटनमधून एवढ्या तत्परतेने होकार कदाचित मिळालाही नसता. जी गाडी स्वतःच निवडींतून, अडचणींतून आणि उसनवारीतून घडली, तिच्याबाबत एकाच शुद्ध रूपाचा आग्रह धरणे तिच्याच इतिहासाला सोडून होईल. पण म्हणून काहीही चालेल असेही होत नाही, कारण प्रत्येक निवड कोणत्या तरी एका साली, कोणत्या तरी एका माणसाने केलेली होती.

एसीच्या रंगांत व्हाइनयार्ड ग्रीन नावाचा एक गडद हिरवा होता. तोच घेतो आहे. तो सावलीत जवळजवळ काळा दिसतो आणि उन्हात आला की खरा हिरवा उघडतो, आणि या बॉडीचे वळण दाखवायला तसाच रंग लागतो, कारण लाल किंवा पिवळ्या रंगात डोळा रंगावर थांबतो, आकारापर्यंत पोहोचत नाही. आतल्या चामड्यासाठी काळा आणि लाल हे नेहमीचे पर्याय सोडून तपकिरी, कोल्हापुरी चपलेच्या जवळ जाणारी छटा निवडली आहे. ही माझी सरळ आवड आहे. जास्तीचे पैसे देऊन हवे ते चामडे लावून घेणारा मालक १९६४ मध्येही असता, म्हणून नियमाला तिची अडचण नाही. पण अडचण असती तरी मी हीच छटा घेतली असती, हे इथे लिहून ठेवणे योग्य.

२० जुलै २०२४

या आठवड्यात वाहन तपासणी झाली आणि गाडी उत्तीर्ण झाली. तपासणीच्या नियमांनी माझ्या दोन बाजूंच्या वादात तिसरा पक्ष आणला होता, आणि त्याचा आदर करूनही गाडीचे रूप टिकवता येते हे सविस्तर नोंदवण्यासारखे आहे.

बाहेर निघालेल्या प्रत्येक कडेला किमान २.५ मिमी त्रिज्येची गोलाई असावी लागते. तारेच्या चाकांवरचे, हातोडीने ठोकून घट्ट करायचे कानांचे नट यात बसत नाहीत. त्यांच्या जागी आठ बाजूंचे, बिनकानांचे नट बसवले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीवर हेच नट आले होते, म्हणजे उपाय त्या पिढीतलाच आहे, साल मात्र थोडे पुढचे. तपासणी झाल्यावर घरी येऊन कानांचे नट परत लावणारे बरेच असतात. मी लावणार नाही. हा नियम पायी चालणाऱ्या माणसाच्या पायासाठी केलेला आहे, आणि तपासनिसाची पाठ वळली म्हणून तो पाय कठीण होत नाही.

बाजूचे इंडिकेटर, मागचा धुक्याचा दिवा आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारा स्विच हे १९६४ च्या कोब्रात नव्हते आणि आज अनिवार्य आहेत. बाजूचे दिवे सर्वांत लहान आणि गोल घेतले, आणि ते मडगार्डाच्या वळणावर न बसवता हवा बाहेर सोडणाऱ्या झरोक्याच्या मागे, नजर सहसा थांबत नाही अशा सपाट जागी बसवले. धुक्याचा दिवा मागच्या कडेखाली टांगला आहे. डॅशबोर्डवरचे टोकदार खटके बदलून गोल टोकांचे घेतले, आणि ते मला आधीच्यांपेक्षा चांगले दिसतात.

एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ९९ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. पाइप रस्त्यावरच्या मूळ गाडीप्रमाणे खालून मागे नेल्यामुळे दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचे सायलेन्सर बसवता आले, आणि मापन मर्यादेच्या आत राहिले. बाजूने निघणारे पाइप घेतले असते तर इथे झगडावे लागले असते. आवाज खोल आहे, मोठा नाही, आणि पेटण्याचा जुना क्रम कमी फेऱ्यांवर ऐकू येतो.

७ सप्टेंबर २०२४

नोंदणी झाली. इंजिन एका काळातले, मागचा आस आणि स्टिअरिंगचे भाग दुसऱ्या गाडीतले, चॅसिस आणि बॉडी नवी, त्यामुळे गाडीचे वय ठरवता येत नाही आणि अशा गाडीला ब्रिटनमध्ये ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. हा क्रमांक टाळण्यासाठी लोक खटपट करतात, कारण जाणकाराला तो दुरूनच कळतो आणि गाडीची किंमत कमी होते. मला तो योग्य वाटतो. नाकावर बिल्ला न लावता जे सांगायचे होते तेच आता क्रमांकाची पाटी अधिकृतपणे सांगते. काळ्या पाटीवर चंदेरी आकडे लावण्याची परवानगी १९८० पूर्वी बांधलेल्या गाड्यांनाच आहे, म्हणून पुढे पांढरी आणि मागे पिवळी, अशा आजच्या पाट्या लावल्या. हिरव्या रंगावर मागची पिवळी पाटी चांगली दिसत नाही; ती जेवढी खाली बसवता येते तेवढी बसवली आहे.

उरलेली कामे अशी. हिवाळ्याआधी छताचे कापड शिवून घ्यायचे आहे आणि त्याची चौकट दोन्ही बारांच्या पुढे कुठे टेकवायची हे ठरायचे आहे, कारण मूळ चौकटीचा नकाशा बार नसलेल्या गाडीचा आहे. कार्ब्युरेटरचे दुसऱ्या टप्प्याचे जेट एक माप लहान करून पाहायचे आहेत. चढावर अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण किंचित जाड होते आणि प्लग काळे पडतात. स्टिअरिंगच्या लाकडी चाकाला तपासणीसाठी घेतलेले, बिनभोकांच्या आऱ्यांचे केंद्र आहे. ते बदलावे असे मला वाटत होते, पण दीड महिना त्याच चाकावर हात ठेवल्यावर भोकांची उणीव जाणवत नाही, म्हणून ते राहू देतो आहे. छताच्या कापडाचा काळा नमुना आला आहे. तपकिरी नमुन्याची वाट पाहतो आहे.